पंगत कशी वाचावी

दोनशे पानी वही घ्यावी आणि पहिली नोंद स्वतःच्या स्वयंपाकघराची करावी. खाण्यापिण्याच्या रीतींतून संस्कृती कशी दिसते आणि सत्ता कशी चालते हे समजून घ्यायला निघालेले बहुतेक जण थेट सणावारांकडे, देवळांकडे किंवा दुसऱ्यांच्या घरांकडे वळतात, आणि मग हाती उरते ती पदार्थांची व चालीरीतींची यादी. दुसऱ्याच्या घरातला नियम लगेच नजरेत भरतो. स्वतःच्या घरातला मात्र ‘असेच असते’ या दोन शब्दांत दडून राहतो. गेली काही वर्षे मी नाशिकमध्ये अशी वही ठेवत आलो आहे, आणि चुकत चुकत जी पद्धत बसत गेली ती येथे मांडतो.

माझ्या वहीतली पहिली नोंद एका कपाची आहे. गंगापूर रस्त्यावरील आमच्या घराच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या जाळीत एक स्टीलचा कप उपडा ठेवलेला असे. बाकीचे कप चिनी मातीचे, बशांसह फडताळात. स्टीलचा कप धुणेभांडी करणाऱ्या मावशींचा. तो वेगळा ठेवावा असे घरात कोणी कधी सांगितल्याचे आठवत नाही, आणि तरीही तो बारा वर्षांत एकदाही फडताळात गेला नव्हता. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, त्यांना मोठा कप लागतो. मी दोन्ही कपांत पाणी भरून मापले. दोन्हींत सारखेच मावत होते.

यातूनच वहीची आखणी ठरली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने करावेत. डावीकडे डोळ्यांना जे दिसले तेवढेच लिहावे: भांडे कोणते, ते कोठे ठेवले होते, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले. उजवीकडे लोकांनी सांगितलेले कारण लिहावे, आणि तेही डावा रकाना पुरा झाल्यावरच. कारण आधी ऐकले की डोळे कारणाच्या सोयीने पाहू लागतात. अलीकडे प्रत्येक रूढीला ‘वैज्ञानिक कारण’ चिकटवण्याची हौस वाढल्यामुळे उजवा रकाना फारच लवकर भरतो. सांगितलेले कारण खोटेच असते असे मुळीच नव्हे, पण ते तपासण्याची एक सोपी कसोटी आहे: ते सर्वांना सारखे लागू होते का? स्वच्छतेसाठी कप वेगळा असेल, तर सर्दीने बेजार झालेल्या साहेबांसाठीही तो वेगळा निघायला हवा.

क्रम, जागा आणि हात

कोणत्याही जेवणाची नोंद करताना पदार्थ शेवटी लिहावेत. आधी लिहावे ते हे, की पहिले पान कोणाचे वाढले गेले, शेवटी कोण बसले, वाढणारा हात कोणाचा होता आणि उष्टी ताटे कोणी उचलली. रविवारच्या मटणाच्या जेवणावर हा सराव उत्तम होतो, कारण तेथे वाटणी उघड दिसते. नळी कोणाच्या ताटात गेली, कलेजी कोणाला आधी मिळाली, आणि शेवटी बसणाऱ्या सुनेच्या वाटीत फोडी किती व नुसता रस्सा किती, हे मोजता येते. एका स्नेह्यांच्या घरी जावई आला की नळी जावयाच्या ताटात जाते आणि मुलगा त्याबद्दल लटकी तक्रार करतो. त्या घरातल्या बायकांना नळी आवडते का असे मी विचारले, तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या, “आमच्यापर्यंत ती पातेल्यात राहतेय कुठे?” अशा घरात मटण शिजवणारा हात कधी कधी पुरुषाचा असतो, हेही टिपावे, त्याच घरात वर्षभराच्या भाकऱ्या कोण थापते ते पुढच्या ओळीत लिहावे.

कधी कधी हात आणि पान यांची फारकत झालेली आढळते, आणि तेथे थांबून पाहावे. जुन्या नाशकातील आमच्या वाड्यात आजीच्या एक विधवा नणंद होत्या. कुळाचाराचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात त्याच करीत. सोवळ्याचे वस्त्र उंच वलणीवर काठीने वाळत घातलेले असे आणि आम्हा मुलांचा हात त्याला लागला की त्यांचे पुन्हा स्नान होई. पुरण त्यांच्या हातचे, वरणाची फोडणी त्यांच्या हातची. परंतु सवाष्णींची पंगत बसली की त्या माजघराच्या आत असत, आणि त्या पंगतीत त्यांचे पान कधीही मांडले गेले नाही. म्हणजे हात पवित्र होता आणि माणूस अशुभ. नियम पावित्र्याचा आहे असे मानले, तर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नियम बाईच्या नवऱ्याच्या हयातीचा आहे असे मानले, की दोन्हींचा उलगडा होतो.

पानाच्या मांडणीचीही नोंद ठेवावी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण-तूप, ही रचना वाढप्याला आणि जेवणाऱ्याला दोघांनाही पाठ असावी लागते. ज्याला ती पाठ नाही तो पंगतीत बसला की बाहेरचा म्हणून ओळखू येतो. खुणेची ही भाषा जेवणाच्या बहुतेक शिष्टाचारांत असते, मग तो केळीच्या पानाचा असो की काट्या-चमच्याचा. यापेक्षा अधिक त्यात शोधू नये. चटणीची जागा बहुधा फक्त चटणीची जागा असते.

बुफे आल्यापासून पंगत संपली असे म्हणतात, ते पुरते खरे नाही. पूर्वीच्या लग्नात विहिणीची पंगत वेगळी बसे, तिच्या पानांभोवती रांगोळी, समया, उदबत्त्या असत आणि वरमाईच्या मानात कमी पडले तर रुसवे निघत. आज नाशिकच्या लॉन्सवर पाचशे माणसे रिकामी ताटे घेऊन रांगेत उभी असतात, त्याच वेळी एका कडेला पडद्याआड झालर लावलेले टेबल असते आणि हातमोजे घातलेले वाढपी तेथे गरम पुऱ्या आणून देत असतात. त्या टेबलावर व्याह्यांबरोबर आणखी कोण बसले आहे, आणि यजमान स्वतः कोणाच्या खुर्चीमागे उभा आहे, हे लिहून घ्यावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हाच अभ्यास कँटीनमध्ये करता येईल: रांग, ट्रे, साहेबांची खोली, आणि कंत्राटी कामगाराने डबा कोठे उघडला.

शिधा, भाकरी आणि शिळी पोळी

या सगळ्या पद्धतीत सर्वांत कामाची युक्ती एकच आहे, ती म्हणजे अन्नाची दिशा पाहणे. अन्न कोणाकडून कोणाकडे गेले आणि कोणत्या अवस्थेत गेले, कोरडे, शिजलेले की उष्टे, हे वहीत बाण काढून दाखवावे.

रामकुंडावर श्राद्धकर्म आटोपल्यावर गुरुजींना शिधा दिला जातो. तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, तूप असा तो कोरडा असतो, आणि त्यामागे जुना हिशेब आहे. धान्याला पाणी आणि विस्तव लागला की ते अन्न होते आणि अन्नाला शिजवणाऱ्याची जात चिकटते, अशी समजूत असल्यामुळे जे घर शिजवलेला भात कोणाच्या हातचा घेऊ शकत नव्हते, त्या घराला तांदूळ मात्र कोणाकडूनही घेता येत होता. त्यामुळे जुन्या गावगाड्यात उतरंडीच्या वरच्या दिशेने जात असे ते कोरडे धान्य आणि दक्षिणा, तर खालच्या दिशेने येत असे ते शिजलेले, शिळे आणि उरलेले. येसकराची, म्हणजे गावाच्या वेशीवरच्या राखणीची व निरोप्याची, पाळी असलेल्या महार घराने दिवसभर गावाची कामे करावीत आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करावी, अशी रीत होती. भाकरी वरून टोपलीत पडे. वस्तुतः ती केलेल्या कामाची मजुरी होती. पण तिला भिकेचे रूप दिल्यामुळे देणारा उपकारकर्ता ठरला आणि घेणारा याचक. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस आणि उष्टे अन्न सोडण्याचा आग्रह का धरला, हे या बाणाकडे पाहिल्यावर कळते. भाकरी नाकारणे म्हणजे त्या उतरंडीतली आपली पायरी नाकारणे होते.

त्याच परिषदेनंतर २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, ते माणसांनी पाणी प्यायल्याने बाटले असे ठरवून पंचगव्याच्या १०८ घागरींनी त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. पाण्याच्या नियमाला स्वच्छतेचे कारण देणाऱ्याला एवढा एकच दाखला पुरेसा आहे. तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. प्रश्न दाराचा होता. परंतु दाराच्या आत तीर्थ आणि प्रसाद असतो, आणि तो एकाच हाताने सर्वांना द्यावा लागतो. आजही कोणत्याही ठिकाणी प्रसाद, सुटे पैसे किंवा पाण्याचा पेला देताना दोन हातांत किती अंतर राहते, हे पाहण्यासारखे असते.

याच गोदेच्या काठी, पैठणला, एकनाथांची कथा सांगितली जाते: श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी ब्राह्मणांच्या आधी महारांना जेवू घातले आणि ब्राह्मण रुसून गेले. कथेत धक्का आहे तो दान दिल्याचा नाही. दान तर नेहमीच खाली येत असे. नाथांनी क्रम बदलला आणि उष्टे नव्हे, पहिले अन्न दिले.

आपल्या घरी परतून ही युक्ती लावावी. फ्रिजमधली कालची भाजी ‘वाया जाईल म्हणून’ कोणाला दिली जाते, हे लिहिणे सोपे आहे. अवघड नोंद उलट्या बाणाची आहे. मावशींच्या घरून अक्षय्य तृतीयेची पुरणपोळी डब्यातून आली, तर ती त्याच दिवशी कोणी खाल्ली, की डबा ओट्यावर तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत गेला? माझ्या वहीत या प्रश्नाची तीन वर्षांची तीन उत्तरे आहेत आणि पहिली दोन लाजिरवाणी आहेत.

नियमातल्या पळवाटा

नियम किती जुना आणि किती कडक आहे हे ठरवण्यासाठी त्यात काय बसवून घेतले गेले ते पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनंतर आपल्याकडे आलेली. तरीही उपवासाच्या ताटात ती निर्धास्त बसली आहेत, आणि शेकडो वर्षे येथेच पिकणारी ज्वारी-बाजरी मात्र ताटाबाहेर आहे.

वरईचे उदाहरण नाशिककरांना अधिक जवळचे आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या भागांतल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या उतारावरच्या शेतात नागली आणि वरई पिकते, आणि तेथे वरईचा भात हे रोजचे जेवण आहे. तीच वरई कांडून, पॉलिश होऊन शहरात आली की तिचे नाव भगर होते आणि ती ‘धान्य नाही’ म्हणून एकादशीला चालते. एकाच दाण्याला डोंगरावर पोटाची भूक आणि शहरात पुण्य अशा दोन जागा मिळाल्या आहेत. नागलीचेही आता तसेच होऊ लागले आहे. जी काळी भाकरी शाळेच्या डब्यात नेण्याची मुलांना लाज वाटे, तिचे बिस्किट कॉलेज रोडवर महाग विकले जाते. एखाद्या अन्नाची प्रतिष्ठा वाढली, तर ते पिकवणाऱ्याची वाढली का, हा प्रश्न वहीत स्वतंत्र पानावर घ्यावा.

कांद्याबद्दल थोडक्यात. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि कांदा, लसूण, वांगी वर्ज्य करणारी घरे त्याच्या दोनच दिवस आधी कांदेनवमी साजरी करून भजी, थालीपीठ, झुणका असा कांद्याचा निरोपसमारंभ उरकतात. खंडोबाच्या घरी वांगे परतते ते चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याला. ज्या जिल्ह्यात लासलगावसारखी कांद्याची पेठ आहे, तेथे कांदा न खाणारे पण कांद्यात मोठी उलाढाल करणारे व्यापारीही भेटतात. विटाळ तोंडाला असतो, तराजूला नसतो. या विसंगतीवर हसू नये, नुसते लिहून घ्यावे. पैशाला विटाळातून सूट मिळते ही फार जुनी गोष्ट आहे.

नियम मोडला की कोण बोलावतो

आतापर्यंतचे निरीक्षण संस्कृतीचे होते. सत्ता दिसते ती नियम मोडल्यावर. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवरून वर्षानुवर्षे वाद झडत राहिले. त्या दिवशी सर्वांनीच चहा घेतला होता असेही नव्हे. वाद वरवर कपाचा असला, तरी खरा प्रश्न हा होता की, या माणसांना जाब विचारण्याचा अधिकार कोणाचा. म्हणून आपल्या नोंदीत नियम मोडणाऱ्याचे काय झाले, निवाडा कोणी दिला आणि दंड भरून कोण सुटले, हे अवश्य लिहावे. रानडे-टिळकांना प्रायश्चित्ताचा मार्ग खुला होता. येसकराला तो नव्हता.

जातपंचायतीच्या शिक्षा याच अन्नाच्या भाषेत बोलतात. वाळीत टाकणे म्हणजे लग्नामयताच्या जेवणाला न बोलावणे आणि त्यांच्या घरचे पाणी न पिणे. परत घेणे म्हणजे दंड आणि वर जातभाईंना जेवण. २०१३ साली नाशिकमधूनच महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान सुरू केले, आणि पुढे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. नोंदी करताना असा प्रकार आढळला, तर तो वहीत ठेवण्याचा विषय राहत नाही. संबंधित कुटुंबाची इच्छा असल्यास त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे.

शासनही अन्नाचे नियम करते, आणि ते दोन्ही दिशांनी करते. शाळेतल्या शिजवलेल्या आहाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले, तेव्हा शिजलेल्या अन्नाचा बाण आदेशाने उलटा फिरला. दुसरीकडे २०१५ साली महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तिचा भार कोणाच्या चुलीवर पडला, हे मालेगावातल्या किंवा जुन्या नाशकातल्या खाटकाशी बसून बोलल्यावर समजते, दूरचित्रवाणीवरच्या चर्चेतून समजत नाही.

उलटी उदाहरणे शोधावीत

फक्त उतरंडच शोधत गेलो तर वही एकसुरी होते. सप्ताहाच्या अखेरीस काल्याच्या कीर्तनानंतर वारकरी एकमेकांच्या तोंडात काल्याचा घास घालतात, आणि उष्ट्याचा सगळा नियम तेवढ्यापुरता विरघळतो. पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाऊन हे पाहावे. मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला सर्वांना एकाच जमिनीवर बसावे लागते. येऊ घातलेल्या सिंहस्थात साधुग्रामातले भंडारे पाहण्याची संधी आहे. तेथे महंतांचे आसन कोठे आहे आणि गृहस्थ कधी जेवतात, दोन्ही पाहावे. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर अनोळखी माणसे खेटून बसतात, तेही उदाहरणच आहे, जरी आत भांडी घासणारा पोरगा कोण हे कोणी विचारत नसले तरी.

मात्र सहभोजनाने फार हुरळून जाऊ नये. लाहोरच्या न झालेल्या भाषणासाठी १९३६ साली लिहिताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट म्हटले होते की, रोटीव्यवहाराने जात मेलेली नाही, खरा उपाय बेटीव्यवहार आहे. एका ताटात जेवणारी दोन घरे सोयरीक जुळवताना कोठे थांबतात, ही नोंद पंगतीच्या नोंदीशेजारी ठेवून वाचावी.

विचारताना आणि लिहिताना

थेट जात विचारू नये. ‘तुमच्याकडे पूर्वी कसे होते’ असे विचारावे. म्हाताऱ्या माणसांना जे आज चालू आहे त्याविषयी बोलणे जड जाते, पण जे बंद झाले ते मोकळेपणाने सांगतात, आणि त्यातूनच आजचे कळते. नावे लिहू नयेत. कोणाची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्यापुढे मुद्दाम एखादा पदार्थ ठेवू नये. मी एकदा असे केले होते आणि ते घर मला कायमचे बंद झाले, जे योग्यच होते. आणि वाढलेले नाकारू नये. निरीक्षकाने पान नाकारले की पंगतीत त्याची जागा काय, हे सर्वांना कळते.

वर्षातून एकदा पहिल्या पानावर परतावे. तो स्टीलचा कप मी घासून फडताळात इतर कपांच्या रांगेत ठेवला, आणि मावशींना चिनी मातीच्या कपात बशीसह चहा दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलचा कप पुन्हा खिडकीच्या जाळीत होता. घरातल्या कोणी तो तेथे ठेवला नव्हता. डाव्या रकान्यात तेवढेच लिहिले आहे. उजवा रकाना अजून कोरा आहे, कारण ते विचारायचे कसे, हे मला अद्याप जमलेले नाही.